याला काम देतं तरी कोण?

रात्रीचे आठ. कोथरूडला आत्याच्या घरी मांडीवर गवारीची परात, समोर टीव्ही, आणि पडद्यावर तिशी ओलांडलेला एक नायक. मालिकेत त्याच्या आईला नुकताच झटका आलेला. नायकाने दाराच्या चौकटीला हात टेकला, डोळे मिटले आणि दोनदा नाक ओढलं. गवारीच्या शिरा काढता काढता आत्या म्हणाली, "आला. नाकाने रडायला आला." मग मान वर न करताच, "दीड वर्ष बघतेय, डोळ्यातून एक टिपूस नाही. याला काम देतं तरी कोण रे?"

प्रश्न मला होता. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाच्या एका एकांकिकेत मी हवालदार होतो. दोन वाक्यं होती, त्यातलं एक विसरलो. त्या गटातले दोघं पुढे याच धंद्यात गेले. एवढ्या भांडवलावर घरात मला या विषयातला जाणकार समजतात. त्या रात्री मी काहीतरी थातूरमातूर बोलून वेळ मारून नेली.

पण हा प्रश्न एकट्या आत्याचा नाही. कुठल्याही कट्ट्यावर बसा, दहा मिनिटांत कुणीतरी म्हणणारच: चेहऱ्यावरची रेष हलत नाही, धड बोलता येत नाही, आणि वीस वर्षं पडद्यावर आहे! उत्तरंही तयार असतात. नशीब, वशिला, नाहीतर बाप. ती खोटी नाहीत. पण प्लंबरपासून मंत्र्यापर्यंत कुणालाही लागू पडतील इतकी ती ढोबळ आहेत. पडद्याच्या धंद्याची स्वतःची काही कारणं आहेत, आणि ती वशिल्यापेक्षा पुष्कळ मजेशीर आहेत.

## आधी वड्याचं बघू

'याला अभिनय येत नाही' असं म्हणताना आपण दोन वेगळ्या माणसांना एकाच पोत्यात कोंबतो.

एक वडेवाला असा असतो की त्याच्याकडे फक्त वडा खावा. भजी मागितलीत तर पस्तावाल, चहा तर नकोच. पण वडा असा की लोक स्कूटर वळवून येतात. दुसऱ्याचा वडाही बेताचाच, पण त्याची गाडी एसटी स्टँडच्या तोंडाशी. गाडी सुटायला दहा मिनिटं असलेला माणूस वड्याची चव बघत नाही, अंतर बघतो.

पहिल्या प्रकारच्या नटाला एकच गोष्ट येते, पण ती येते. किती प्रकारच्या भूमिका पेलतात याला आपण 'आवाका' म्हणू. त्याचा आवाका लहान असतो, एवढंच. हॉलीवूडच्या सिल्व्हेस्टर स्टॅलोनचं उदाहरण घ्या. वाईट कामाची खिल्ली उडवणाऱ्या गोल्डन रास्पबेरी पुरस्कारवाल्यांनी २००० साली त्याला 'शतकातला सर्वांत वाईट अभिनेता' ठरवलं. याच माणसाला एका बॉक्सरच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं, आणि जवळजवळ चाळीस वर्षांनी तोच बॉक्सर म्हातारा झाल्यावर केला तेव्हा पुन्हा मिळालं. दोन्ही निकाल बरोबर असू शकतात. वड्याला नामांकन मिळालं, भज्यांना रास्पबेरी.

दुसरा प्रकार खऱ्या कोड्याचा. ज्याचं सगळंच बेताचं आहे, तो का टिकतो? त्यासाठी आधी कॅमेरा नटाकडून नेमकं काय मागतो ते बघायला हवं.

## सूपची वाटी

बालगंधर्वच्या रंगमंचावर उभं राहून रडायचं असेल तर ते रडणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागतं. अडीच तास, सलग, परत घेण्याची सोय नाही. वाक्य विसरलात तर विंगेतून कुणी कुजबुजलं तरच वाचलात. मी वाचलो नव्हतो. तिथे येत नसेल तर पाच मिनिटांत उघडं पडतं.

कॅमेऱ्यापुढे हे सगळं तुकड्यांत होतं. तुकडा आठ-दहा सेकंदांचा, जमला नाही तर पुन्हा. आणि ते तुकडे जोडणारा भलताच कुणी असतो.

१९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह या रशियन दिग्दर्शकाने केलेला एक प्रयोग जगभरच्या फिल्म शाळांत आजही शिकवतात. त्याचा सहकारी पुदोवकिन याने त्याची हकीकत लिहून ठेवली आहे. इव्हान मोझुखिन नावाच्या तेव्हाच्या प्रसिद्ध नटाचा एक क्लोजअप घेतला. चेहरा अगदी कोरा. त्याच्यापुढे एकदा सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटीतली मृत बाई, एकदा खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी लहान मुलगी. प्रेक्षक खूश. सूपकडे बघताना किती विचारमग्न, मृत बाईकडे बघताना किती व्याकूळ, मुलीकडे बघताना किती हळवा! चेहरा तिन्ही वेळा तोच होता. पुढे इतरांनी हा प्रयोग परत करून पाहिला तेव्हा निकाल दर वेळी इतका ठसठशीत आला नाही, हे सांगायला हवं. पण चौकटीतल्या चेहऱ्यावरचा भाव आपण आजूबाजूच्या चित्रांवरून भरून घेतो, हे संकलनाला बसणारा प्रत्येक जण रोज अनुभवतो.

आमच्या एकांकिकेतला एक मित्र लॉ कॉलेज रस्त्यामागे दोन खोल्यांत संकलनाचं काम करतो. एकदा त्याने मला एक शॉट दाखवला. नट खुर्चीत बसलाय, नजर डावीकडे, ओठ किंचित उघडे. तीन सेकंद. "काय वाटतं?" मी म्हटलं, हरवलाय बिचारा. त्याने मागचे तुकडे लावले. वडिलांच्या फोटोला हार, उदबत्तीचा धूर, मग हा चेहरा, खाली सारंगी. माझ्या घशात खरंच काहीतरी आलं. मग त्याने तोच शॉट पाच सेकंद मागून चालवला. डावीकडून स्पॉटबॉय चहाचा ट्रे घेऊन येत होता. दिग्दर्शकाने 'ॲक्शन' म्हणायच्या आधीच कॅमेरा सुरू राहिला होता आणि साहेब चहा आपल्यापर्यंत पोचतो की नाही ते बघत होते. ॲक्शननंतरचे चारही टेक त्याने फेकून दिले होते. "त्यात तो अभिनय करत होता," मित्र म्हणाला.

आवाजाचंही तेच. वाक्य कच्चं पडलं तर नंतर स्टुडिओत बसून पुन्हा म्हणता येतं, म्हणजे डबिंग, आणि गरज पडली तर दुसऱ्याच कुणाकडून म्हणवून घेता येतं. आपल्याला त्याचं वावडंही नाही. पार्श्वगायन आपल्याकडे १९३५ पासून रुजलं. नायकाच्या तोंडून दुसऱ्याचा गळा ऐकायची सवय आपल्या तीन-चार पिढ्यांना आहे. गळा एकाचा, उडी दुसऱ्याची, रडू सारंगीचं. यातून नटाच्या वाट्याला जे उरतं ते चेहरा आणि हजेरी. चेहरा कोरा असला तर संकलकाची एका अर्थी सोयच, कारण कोऱ्या पाटीवर काहीही लिहिता येतं. अति अभिनय करणारा नट मात्र पाटी आधीच गिरगटून देतो.

## हजेरी

आता हजेरीचं. रोजच्या मालिकेला रोज साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. 'बँक', म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, बहुतेक वेळा दोन-चार भागांचा, कधी तोही नाही. आज शूट केलेलं परवा दिसतं. बारा तासांच्या शिफ्टमध्ये दिग्दर्शकाला आठ-दहा सीन उरकायचे असतात.

आमच्या गटातला दुसरा मित्र हेच बघतो: कोण किती वाजता आलं, किती सीन झाले, जनरेटरचं डिझेल किती गेलं. आत्याचा प्रश्न मी त्याला विचारला तेव्हा तो हसला. "अरे, तो नऊच्या कॉलटाइमला पावणेनऊला मेकअपला बसलेला असतो. पाठांतर चोख. आणि कंटिन्युइटी बघ त्याची."

कंटिन्युइटी म्हणजे सलगपणा. एकच प्रसंग तीन-चार बाजूंनी पुन्हा पुन्हा चित्रित होतो. पहिल्यांदा चहाचा कप 'आई' या शब्दाला उचलला असेल तर चारही वेळा 'आई'लाच उचलावा लागतो, तोही त्याच हाताने. नाहीतर जोडताना कप हवेत उड्या मारतो. फार मोठे नट इथे गडबडतात, कारण दर वेळी त्यांना प्रसंग नव्याने सुचतो. आत्याचा नायक चारही वेळा त्याच शब्दाला त्याच हाताने कप उचलतो, आणि चारही वेळा दोनदाच नाक ओढतो. नाक ओढणंसुद्धा कंटिन्युइटीत!

"मला नट नको असतो," मित्र म्हणाला, "मला सीन संपवणारा माणूस हवा असतो."

घरात नळ गळायला लागला की आपण शहरातला सर्वोत्तम प्लंबर शोधत नाही. फोन उचलणारा, सांगितलेल्या वेळेला येणारा, बिल फुगवून न सांगणारा माणूस शोधतो, आणि मग पंधरा वर्षं त्यालाच बोलावतो. त्याच्याहून सरस कारागीर शहरात नक्की असेल, पण त्याचा अनुभव आपल्याला नाही, आणि नळ आत्ता गळतोय. पडद्यावरची कारकीर्द वीस वर्षांची म्हणजे वीस वर्षं कुणीतरी 'त्यालाच बोलवा' म्हणत राहिलं. ते म्हणायला कारणं अनेक असतात. अभिनय हे त्यातलं एक.

## मोहर बघून घेतलेली बाग

मालिकेत वेळ वाचवायची असते. सिनेमात जोखीम वाचवायची असते.

कोकणात काही व्यापारी आंबा झाडावर धरायच्या आधी, मोहर बघूनच बाग घेतात. फळ किती येईल, अवकाळी पाऊस होईल का, कुणालाच माहीत नसतं. मग व्यापारी कशावर पैसे लावतो? बागेच्या नावावर. गेल्या चार वर्षांत या बागेने काय दिलं त्यावर.

हिंदी चित्रपट अनेक दशकं असेच विकले गेले. देशाचे वितरणासाठी भाग पाडलेले, त्यांना धंद्यात टेरिटरी म्हणतात. त्या त्या भागाचा वितरक निर्मात्याला आधीच ठरावीक रक्कम कबूल करायचा: चित्रपट चालो न चालो, एवढे तुझे. ही 'मिनिमम गॅरंटी'. कबुली द्यायच्या वेळी पाहण्यासारखा चित्रपट नसतोच, असतो तो मोहर: नटाचं नाव, संगीतकाराचं नाव. ज्या नटाचा कुठलाही चित्रपट एका विशिष्ट आकड्याच्या फारसा खाली जात नाही, तो वितरकाला सोन्यासारखा. फार वरही जात नसला तरी चालतं. खाली कुठे थांबेल हे कळलं की हिशेब मांडता येतो.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुद्दाम उलट्या बाजूने देतो, कारण त्या माणसाला अभिनय येत नाही असं म्हणायची कुणाची छाती नाही. मिथुन चक्रवर्ती. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा विद्यार्थी. मृणाल सेन यांच्या १९७६ च्या 'मृगया'साठी राष्ट्रीय पुरस्कार, पुढे आणखी दोन. असा नट नव्वदच्या दशकात उटीला जाऊन राहिला. तिथे त्याचं स्वतःचं हॉटेल होतं. निर्मात्यांनी तिथे यायचं, तिथेच राहायचं, थोड्या दिवसांत, बेताच्या खर्चात चित्रपट पुरा करून घेऊन जायचं. समीक्षकांनी त्या चित्रपटांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण खर्च इतका आटोपशीर की लहान गावांतल्या एकपडदा थिएटरांतूनही पैसे सुटायचे. वर्षाला कितीतरी चित्रपट निघायचे. 'मृगया'तला आवाका तिथे कुणी मागितलाच नाही आणि त्यावाचून काही अडलंही नाही. शाळेत संस्कृतला पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलाने पुढे भुसाराचं दुकान उत्तम चालवावं, तसं. २०२४ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला तेव्हा 'मृगया'चे चाहते आणि उटीचे चाहते, दोघांनी टाळ्या वाजवल्या. दोघांचे मिथुन वेगवेगळे होते.

## एकशे चव्वेचाळीस वेळा इन्स्पेक्टर

जगदीश राज हे नाव आठवत नसेल, पण चेहरा नक्की आठवेल. हिंदी चित्रपटातला पोलीस इन्स्पेक्टर. १४४ चित्रपटांत त्यांनी पोलिसाची भूमिका केली आणि सर्वाधिक साचेबद्ध नट म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. एवढ्या वेळा तेच का? कारण ते दारातून आत आले की प्रेक्षकाला काही सांगावं लागत नव्हतं. हा प्रामाणिक आहे, हा शेवटी येणार, हा 'कानून' म्हणणार. नवा चेहरा घेतला असता तर त्याची ओळख करून द्यायला एखादा सीन खर्ची पडला असता. जगदीश राज यांना तेवढाही लागत नव्हता.

पुण्यातल्या जुन्या तालमीत अजून ज्यांचा फोटो दिसू शकतो ते दारासिंग तर आधी पैलवान. १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझ या नामांकित अमेरिकन मल्लाला हरवलं. त्याआधीपासून ते चित्रपटांचे नायक होतेच. एकट्या मुमताजबरोबर त्यांचे सोळा चित्रपट. त्यांच्या संवादफेकीसाठी कुणी तिकीट काढलं असेल असं मला वाटत नाही. लोक बघायला जात ते शरीर, आणि त्या शरीरातला एक विलक्षण निरागस भलेपणा. मग १९८७ मध्ये दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं तेव्हा साठीला टेकलेले दारासिंग हनुमान झाले. आता सांगा, याहून सरस नट घेतला असता तर हनुमान सरस झाला असता का? माझ्या आजीने त्या वेळी टीव्हीपुढे हात जोडले होते. आजी नाटकवेडी होती, वाईट अभिनयाला तोंडावर वाईट म्हणणारी. दारासिंगांना तिने ते मापच लावलं नाही.

कधी कधी तर उणीव हीच लायकी ठरते. अर्नोल्ड श्वार्झनेगर ऑस्ट्रियाहून आलेला शरीरसौष्ठवपटू. इंग्रजी उच्चार इतके जड की १९७० च्या त्याच्या पहिल्या चित्रपटात आवाज दुसऱ्याचा वापरावा लागला. १९८४ मध्ये त्याला भविष्यातून आलेला यंत्रमानव करायला मिळाला. संवाद मोजके, आवाज सपाट, चेहरा थंड. यंत्राने आणखी कसं दिसायचं? जे पूर्वी झाकावं लागत होतं तेच विकलं गेलं, आणि पुढे हा माणूस कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर होईपर्यंत पडद्यावर राहिला.

## ओळखीचा वाईट बरा

आत्याच्या मालिकेत मध्यंतरी काय झालं ते सांगतो. नाकाने रडणारा नायक सोडून गेला. एका सोमवारी त्याच्या जागी दुसराच आला. खाली पट्टी फिरली, 'यापुढे ही भूमिका अमुक साकारतील', आणि गोष्ट पुढे गेली. नवा मुलगा नाटकातून आलेला. तिसऱ्याच भागात त्याला रडायचा प्रसंग होता आणि तो खरोखर रडला. आवाज फाटला, डोळे भरले. मी उत्साहाने आत्याकडे बघितलं.

"कोण हा?" आत्या म्हणाली. "आपल्या घरातला वाटत नाही."

आठवड्याभरात तिने मालिका बदलली.

याला मानसशास्त्रात नाव आहे. रॉबर्ट झायोन्स या संशोधकाने १९६८ मध्ये लोकांना निरर्थक शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं आणि अनोळखी चेहऱ्यांचे फोटो कमी-जास्त वेळा दाखवले आणि मग विचारलं, यातलं काय बरं वाटतं? जे जास्त वेळा दिसलं होतं तेच जास्त बरं वाटलं. बाकी काही कारण नाही. नुसतं दिसत राहणं पुरतं. मराठीत याला 'सवयीचा लळा' म्हणू.

चित्रपटात नट वर्षातून दोनदा भेटतो. मालिकेतला रोज, जेवणाच्या वेळी, आपल्या घरात. दीड वर्षात आत्याने त्या नायकाला जितक्या वेळा पाहिलं तितक्या वेळा सख्ख्या भाच्याला पाहिलेलं नाही. (मी भाचा आहे, मला माहीत आहे.) त्याचं नाक ओढणं तिला खुपत होतं ते घरातल्या माणसाचं घोरणं खुपावं तसं. वाहिन्यांनाही हे ठाऊक असतं. दर आठवड्याला मालिकांचे आकडे येतात, आणि ओळखीचा चेहरा काढला की ते कुठे जातात हे त्यांनी भोगलेलं असतं.

## "म्हणजे सगळी लॉटरीच की!"

अगदी तसं नाही, पण लॉटरी आहे हेही खरं. ती किती, हे मोजायचा एक सुरेख प्रयत्न कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू सल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केला. गाण्यांवरचा आहे, पण आपल्या कामाचा. अनोळखी बँडांची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली. चौदा हजारांहून जास्त लोक आले. काहींना नुसती गाणी दिसली. बाकीच्यांना एकमेकांपासून वेगळ्या अशा आठ 'दुनियां'त वाटून टाकलं, आणि प्रत्येक दुनियेत कुठलं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं ते दाखवलं.

गाणी तीच, पण आठ दुनियांत पहिला नंबर वेगवेगळ्या गाण्यांचा. एकमेकांचं न बघणाऱ्या लोकांनी सव्विसावं ठरवलेलं एक गाणं एका दुनियेत पहिलं आलं आणि दुसऱ्या दुनियेत चाळिसावं. सुरुवातीच्या थोड्या लोकांना काय आवडलं यावर पुढच्यांचं ठरत गेलं. लक्ष्मी रस्त्यावर ज्या दुकानात गर्दी तिथेच आपण शिरतो, तसं.

मात्र फार चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, आणि फार वाईट क्वचितच वर आली. उलथापालथ झाली ती मधल्या मोठ्या घोळक्यात. आपले बेताच्या कुवतीचे दीर्घायुषी नट या मधल्या घोळक्यातलेच. ते भयंकर वाईट नसतात. तेवढेच चांगले दुसरे शंभर असतात, आणि या दुनियेत यांचा नंबर लागला. त्या शंभरांना आपण पाहिलेलंच नसतं, म्हणून तुलना होते ती थेट नसीरुद्दीन शाहांशी.

## "बापाचं नाव असतं हो!"

असतं. आणि त्याने काय मिळतं हे नीट बघायला हवं. पहिली संधी बाहेरच्यालाही कधीमधी मिळते. पडल्यानंतरची दुसरी, तिसरी, पाचवी संधी घरच्याला मिळते. वरच्या प्रयोगाच्या भाषेत, घरच्या मुलाला अनेक दुनियांत नशीब आजमावता येतं. बाहेरच्याला एकच दुनिया आणि तिचं महिन्याचं भाडं. ही विषमता मोठी आहे. 'अभिनय असेल तर चमकेलच' असं म्हणणारे तिच्यावरून पाय ओढत निघून जातात.

पण बापाच्या नावाने वीस वर्षं मिळतात का? राजेंद्रकुमार यांना साठच्या दशकात 'ज्युबिलीकुमार' म्हणत, इतके त्यांचे चित्रपट थिएटरांत ठाण मांडायचे. १९८१ मध्ये त्यांनी मुलगा कुमार गौरव याला घेऊन चित्रपट काढला आणि तो तुफान चालला. रूप होतं, गाणी होती, घरचा पैसा होता, पहिलाच घाव यशस्वी. तरी काही वर्षांत ओहोटी लागली. १९८६ मध्ये वडिलांनी पुन्हा एक मोठा चित्रपट काढला. तोही चालला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यातला दुसरा नायक, संजय दत्त. दार उघडून देणारा माणूस घरात होता. आत बसवून ठेवणं त्याच्याही हातात नव्हतं.

## "मग शिकायचं कशाला?"

हा प्रश्न पुण्यात विचारायला मला जरा भीतीच वाटते. कोल्हापूरहून प्रभात कंपनी १९३३ मध्ये इथे आली, तिच्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी आधी दिल्लीत नाटक शिकले आणि मग पुन्हा इथे येऊन पडदा शिकले. आणि याच संस्थेत अभिनयाचा अभ्यासक्रम सत्तरच्या दशकात बंद पडला तो थेट २००४ मध्ये पुन्हा सुरू झाला. संकलन, छायालेखन, ध्वनी शिकवणं चालूच होतं. धंदा कशावाचून अडतो आणि कशावाचून नाही, याचा याहून बोचरा पुरावा मला सापडलेला नाही.

तरीही शिकावं, कारण मघाचं ते तळाचं आणि वरचं टोक. फार चांगलं असणं हा अजूनही तळाला न जाण्याचा बऱ्यापैकी विमा आहे. ओम पुरींच्या चेहऱ्याचा मोहर बघून कुठल्याही वितरकाने बाग घेतली नसती. ते उभे राहिले ते कामावर. फक्त शिकणाऱ्याला कुणीतरी आधी सांगायला हवं की रडण्याबरोबर कपही 'आई'लाच उचलायचा आहे. आमच्या त्या एकांकिकेतला सर्वांत चांगला नट, ज्याचं काम बघून विंगेत आम्ही आमची वाक्यं विसरायचो, मुंबईत अकरा महिने राहिला. दोन वेळा तो कॉलटाइमला उशिरा पोचला, एकदा दिग्दर्शकाशी प्रसंगाच्या अर्थावरून वाद घातला. अर्थ त्याचाच बरोबर होता. तिसऱ्यांदा फोन आला नाही. आता तो हडपसरला बँकेत आहे आणि गणपतीत सोसायटीचं नाटक बसवतो. मुलांना वेळेवर यायला लावतो.

## ता. क.

परवा आत्याकडे गेलो तर टीव्हीवर वेगळी वाहिनी, वेगळी मालिका, साडेसातची. नायिकेच्या थोरल्या दिरावर काहीतरी खोटा आळ आलेला. कॅमेरा तीनदा झपकन त्याच्या तोंडावर गेला, ढोल वाजला. दिराने दाराच्या चौकटीला हात टेकला.

आत्याने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. "बघ बघ," मला कोपर मारत म्हणाली, "आता ओढेल नाक. आला की नाही आपला तो?"